६ वर्षांच्या मुलीला सारखी रांजणवाडी येते, डोळे लाल राहतात. डॉक्टर ‘ऑक्युलर रोझेशिया’ म्हणाले. एवढ्या लहान लेकरांना हा होतो का? औषध किती दिवस घ्यावं लागतं?

होतो. रोझेशिया म्हणजे गाल-नाक लाल करणारा त्वचेचा आजार, तोच डोळ्यांत-पापण्यांत आला की ऑक्युलर रोझेशिया. माझ्या लेकाला झाला होता, आणि तो ओळखू येण्यात दीड वर्ष गेलं.

आम्ही जिंतूरकडचे. लेक ५ वर्षांचा असताना पहिली रांजणवाडी आली. ती बसते न बसते तोच दुसरी, कधी या डोळ्याला, कधी त्या. पुढं पुढं उन्हात नेलं की लेकरू माझ्या पदरात तोंड खुपसायचं. सासूबाई म्हणायच्या, उष्णता आहे, सब्जा द्या, तळपायाला एरंडेल चोळा. त्यानं काही बिघडलं नाही. बिघडवलं ते थेंबांनी. आमच्या भाऊजींचं गावात मेडिकल आहे. डोळा लाल झाला की बाटली घरपोच. दोन दिवसांत डोळा पांढराशुभ्र, थेंब बंद केले की आठवड्यात परत लाल. यात आहे तरी काय, विचारलं तर म्हणाले, "वहिनी, पंधरा वर्षं हेच देतोय." त्यात डेक्सामेथासोन होतं, म्हणजे स्टिरॉइड. देखरेखीशिवाय असे थेंब चालू राहिले तर डोळ्यातला दाब वाढतो, मोतीबिंदूसुद्धा होतो.

शेवटी संभाजीनगर गाठलं. पापणीच्या कडेला तेलाच्या बारीक ग्रंथी असतात. डॉक्टरीणबाईंनी ती कड दाबली, तर तेलाऐवजी घट्ट पेस्टसारखं काहीतरी बाहेर आलं. बुबुळावर खालून बारीक रक्तवाहिन्या चढल्या होत्या. ॲलर्जीत खाज फार असते, इथं आग आणि उजेडाचा त्रास जास्त, असं त्यांनी सांगितलं. गाल लाल नव्हते. मुलांत बरेचदा नसतातच, आणि आपल्या सावळ्या रंगात लाली चटकन दिसतही नाही. या आजारात बुबुळाच्या कडेला येणारे बारीक फोड टीबीमुळंही येतात, म्हणून तीही तपासणी झाली.

मग रोजचा शेक. आई लहानपणी पदराच्या बोळ्यावर फुंकून शेकायची, तेच आता गरम पाण्यात पिळलेल्या स्वच्छ कापडानं. नंतर पापण्यांच्या कडा पुसायच्या. पोटातून एरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकचं सिरप. मोठ्यांना डॉक्सिसायक्लिन देतात, पण त्या जातीच्या औषधांनी दातांवर कायमचे डाग पडतात, म्हणून ८ वर्षांखाली टाळतात.

एक सांगायचं राहिलं. स्टिरॉइडचे थेंब आमच्या डॉक्टरीणबाईंनीही दिले होते, पण थोडे दिवस आणि दाब मोजून. त्यामुळं तुमच्या घरी तसली बाटली असेल तर मनानं एकदम बंद करू नका, ती घेऊनच डॉक्टरांकडं जा. पण चिठ्ठीशिवाय ती विकणं चूकच, विकणारा घरचा असला तरी. हे मी भाऊजींना तोंडावर सांगितलं, तेव्हापासून दिवाळीला ते आमच्याकडं येत नाहीत.

आमचं सिरप चार महिने चाललं. शेक अजून चालू आहे.