१९१९ साली चीनला शस्त्रं विकायला बंदी होती, तरी तिकडे इतकी शस्त्रं पोचली कशी?

बंदी घालणारेच दुकानदार होते हो, अजून काय!

तेव्हा पेकिंगला (आताचं बीजिंग) एक सरकार, दक्षिणेत कँटनला दुसरं आणि मधल्या मुलखात आपापली फौज बाळगून बसलेले लष्करी सरदार असा सगळा मामला होता. जपानने १९१७-१८ मध्ये पेकिंगचा पंतप्रधान दुआन चिरुई याला निशिहारा कर्ज म्हणून १४ कोटी ५० लाख येन दिलेले त्यामुळे बाकीचे देश आधीच वैतागलेले. मग ५ मे १९१९ ला ब्रिटन, अमेरिका, फ्रान्स, जपान वगैरेंच्या वकिलातींनी कळवलं की सबंध चीनमध्ये मान्य असलेलं सरकार येईपर्यंत आमची माणसं इथे शस्त्रं विकणार नाहीत.

खरी मजा पुढे. शस्त्र म्हणजे काय यावरच भांडण. ब्रिटनच्या व्हिकर्स कंपनीने त्याच वर्षी पेकिंग सरकारला व्हिमी कमर्शियल नावाची विमानं विकायचा करार केला, वर खरेदीसाठी कर्जही मिळवून दिलं, आणि म्हणे ही प्रवासी विमानं आहेत, बंदीत बसत नाहीत. अमेरिकेला ते काही पटेना. चाळीसेक विमानं आली, त्यातली बरीच खोक्यातून बाहेरच निघाली नाहीत, प्रवासी वाहतुकीला लागली जेमतेम सात. नंतर त्साओ कुन या लष्करी सरदाराने वीसेक विमानांचे बॉम्बर करून १९२४ च्या सरदारांमधल्या लढाईत वापरली. इटलीचं वेगळंच, आमचे आधीचे करार सोडून बोला म्हणे, १९२१-२२ ला बड्या देशांच्या वॉशिंग्टन परिषदेत नियम कडक करायचं निघालं तेही त्यांच्यापाशीच अडकलं.

सोव्हिएत रशिया तर या मंडळींमध्ये नव्हताच, त्याने १९२४ मध्ये जहाजाने कँटनजवळच्या व्हांपोआ लष्करी अकॅडमीला रायफली पोचवल्या.

मला विचाराल तर ही बंदी मुळात सगळ्यांना सारखी नव्हतीच. ज्यांच्याकडे कारखाना होता त्यांना काय फरक पडणार, ईशान्येत मुकदेनला झांग झुओलिन या सरदाराचं स्वतःचं आर्सेनल, म्हणजे शस्त्रांचा कारखाना होता. तैयुआनला यान शिशान या दुसऱ्या सरदाराने तर जर्मन माउझर पिस्तुलाची कॉपी काढली, तीही मोठ्या पॉइंट फोर फाइव्ह (०.४५ इंची) गोळीची, कारण त्याच्याकडे टॉमी गन ही अमेरिकन सबमशीनगनही बनायची आणि दोन्हींना एकच गोळी चालली की काम भागतं.

एप्रिल १९२९ मध्ये बंदी उठवली, तोवर नानकिंगला चिआंग कै-शेकचं सरकार बसलेलं होतं.