गावाचा पाणलोट नकाशा क्यूजीआयएस या नकाशे करायच्या संगणक-प्रणालीत करतोय; क्षेत्रफळ आणि उतार दोन्ही चुकीचे येतात, काय करू?

माण तालुक्यातल्या तुमच्या गावाचं क्षेत्रफळ ०.००२ असं काहीतरी येतं आणि उताराच्या नकाशात सपाट रानसुद्धा कड्यासारखं दिसतं, असं तुम्ही लिहिलंय. साताऱ्यात मी याच प्रकारचं काम करतो. दोन्हींचं मूळ एकच आहे: तुमचा डेटा अंशांत आहे, मीटरमध्ये नाही.

मोबाईलच्या जीपीएसवरून येणारे बिंदू ईपीएसजी ४३२६ या क्रमांकाच्या निर्देशांक-पद्धतीत, म्हणजे अक्षांश-रेखांशात असतात. त्यावर क्षेत्रफळ काढलं की चौरस अंश मिळतात. उताराचं तर विचारूच नका. उंची मीटरमध्ये आणि आडवं अंतर अंशांत, मग उतार सगळीकडे नव्वदीलाच टेकणार. सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या पद्धतीच्या ४३ उत्तर पट्ट्यात बसतात, त्याचा क्रमांक ईपीएसजी ३२६४३. सगळं काम त्यातच करा.

पण नीट लक्ष द्या, इथेच बहुतेक जण अडकतात. 'सेट लेयर सीआरएस'ने (थराची, म्हणजे लेयरची, निर्देशांक-पद्धत सांगणारी आज्ञा) आकडे बदलत नाहीत, फक्त त्यांच्यावरची चिठ्ठी बदलते. अंशातल्या थरावर ३२६४३ ची चिठ्ठी लावलीत तर तुमचं गाव विषुववृत्तावर हिंदी महासागरात जाऊन पडेल. तुम्हाला आकडेच बदलणारं 'रिप्रोजेक्ट लेयर' हवंय, आणि उंचीच्या रास्टरसाठी, म्हणजे चौकटी-चौकटींच्या थरासाठी, 'वार्प'. झालं की थराच्या माहितीत एक्स्टेंट, म्हणजे थराच्या कडांचे आकडे, बघा. दहिवडीच्या आसपास पूर्वेचा आकडा साडेचार लाखांजवळ आणि उत्तरेचा साडेएकोणीस लाखांजवळ दिसला पाहिजे. ७४ आणि १७ दिसले तर अजून अंशच आहेत. बिंदूंची सीएसव्ही (साध्या तक्त्याची फाइल) घेताना एक्समध्ये रेखांश टाका; उलट झालं तर सगळे बिंदू नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जातात.

जुना गावनकाशा स्कॅन करून बसवणार असाल तर जिओरेफरन्सरमध्ये (स्कॅन योग्य जागी बसवायच्या साधनात) जुनं देऊळ, जुनी विहीर, तीन गावांच्या शिवा मिळतात ती जागा असे बिंदू घ्या. रस्त्याची वळणं नकोत, रस्ते रुंद होताना सरकतात. बिंदू चारही कोपऱ्यांत पसरलेले हवेत. 'थिन प्लेट स्प्लाइन' हे रूपांतर मी सुरुवातीला टाळायला सांगेन, कारण ते प्रत्येक बिंदू जबरदस्तीने जुळवतं आणि चुकलेला बिंदू लपून जातो. आधी 'पॉलिनोमियल १' वापरून कुठल्या बिंदूची चूक मोठी येते ते बघा. मग दोन-चार गट आखून त्यांचं क्षेत्र सातबाऱ्यावरच्या हेक्टर-आरशी ताडून पाहा. थोडा फरक राहणारच. हद्दीच्या वादात मात्र हा नकाशा पुढे करू नका, त्यासाठी सरकारी मोजणीच लागते.

एसआरटीएम या अवकाशयानातून केलेल्या रडार-मोजणीचा उंचीचा डेटा फेब्रुवारी २००० मधला, ३० मीटरच्या चौकटींचा आहे. नंतरची शेततळी, नालाबांध त्यात नाहीत, आणि एकेक मीटरच्या समोच्च रेषा त्यातून काढल्या तरी त्यांच्यावर विसंबून समतल चर खोदू नयेत. ओढे-नाले आणि पाणलोटाची सीमा काढायला तो चांगला आहे. त्याआधी 'फिल सिंक्स' चालवा, म्हणजे डेटातले खोटे खड्डे भरले जातात.

काम शेपफाइल या जुन्या फाइल-प्रकाराऐवजी जिओपॅकेज या नव्या प्रकारात जतन करा. शेपफाइलच्या रकान्याचं नाव दहा बाइटांत बसावं लागतं, आणि देवनागरीचं एकेक अक्षरचिन्ह तीन बाइट खातं. 'शेतकऱ्याचे नाव' असा रकाना केलात तर 'शेत'च उरेल.