सिक्युरिटी क्लिअरन्सच्या फॉर्मवर थकलेलं कर्ज लिहावं की गाळावं?

लिहा. तुमचं म्हणणं असं की अमेरिकेत व्हर्जिनियात संरक्षण खात्याच्या कंत्राटदाराकडे नोकरी मिळतेय, तिला सिक्युरिटी क्लिअरन्स (गोपनीय माहिती हाताळायची सरकारी परवानगी) लागतो, पण घटस्फोटात क्रेडिट कार्डाचं कर्ज चढलं, हप्ते थकले, समुपदेशनही चालू आहे. यातलं काही गाळलं तर कळेल का, असं विचारलंय. कर्ज तर नक्की कळेल, कारण सरकारी तपास करणारे तुमचा क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे कर्ज आणि हप्त्यांची नोंद, मागवतातच.

पण माझी काळजी वेगळी आहे. अमेरिकेत क्लिअरन्सचा निर्णय ज्या १३ निकषांवर होतो (२०१७ पासून सगळ्या खात्यांना तेच लागू आहेत), त्यात आर्थिक अडचणींचा निकष आहेच. पण घटस्फोट, आजारपण, नोकरी जाणं अशा हाताबाहेरच्या कारणाने कर्ज झालं आणि माणूस ते जबाबदारीने फेडतोय, तर ते त्याच्या बाजूने धरावं, असंही तिथेच लिहिलंय. जाणूनबुजून लपवलंत तर मात्र प्रश्न तुमच्या प्रामाणिकपणाचा होतो, आणि त्यासाठी निकषच वेगळा आहे. कर्ज फिटतं, पण खोटं बोलणाऱ्याच्या हाती गोपनीय कागद द्यायला कोण धजेल? शिवाय फॉर्मवर जाणूनबुजून खोटं लिहिणं हा संघराज्याच्या कायद्याने गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

हे मी अनुभवाने सांगतोय. मी क्लिअरन्सचा हाच फॉर्म (फॉर्म ८६) भरला तेव्हा एका जुन्या नोकरीपुढे 'स्वतःहून सोडली' असं लिहिलं. खरं तर साहेबांनी सांगितलं होतं, राजीनामा दे, नाहीतर काढावं लागेल. फॉर्म गेला आणि माझी झोप उडाली. चार दिवसांनी कंपनीच्या सुरक्षा अधिकाऱ्यांना फोन करून सगळं सांगितलं. पुढे तपास अधिकारी बाई मुलाखतीला आल्या, तेव्हा त्यांनी वही उघडायच्या आत मीच विषय काढला. त्यांनी तारीख, साहेबांचं नाव, त्या दिवशीचे शब्द, सगळं शांतपणे उतरवून घेतलं. माझा तळहात टेबलाला चिकटला होता. क्लिअरन्स मिळाला, पण वेळ लागला. कुणी विचारायच्या आत, लवकरात लवकर आपणहून चूक दुरुस्त केली तर ती जमेस धरतात. पुरावा समोर ठेवल्यावर कबूल केलंत तर ही सवलत नाही.

समुपदेशन चालू आहे याची चिंता करू नका. फॉर्मवरचे प्रश्न कोर्टाचा आदेश, रुग्णालयात दाखल होणं, ठरावीक गंभीर निदानं, निर्णयक्षमतेवर परिणाम करणारा आजार अशा गोष्टींबद्दल आहेत. केवळ समुपदेशन घेतलं म्हणून प्रतिकूल मत करू नये, असं निकषांतच आहे. क्लिअरन्सच्या भीतीने कृपा करून ते बंद करू नका.

आपल्या लोकांचं आणखी एक हमखास राहून जातं: पुण्यात वडिलांबरोबर संयुक्त नावावर असलेला फ्लॅट, विसरलेलं एनआरओ खातं (अनिवासी भारतीयांचं भारतातलं बँक खातं). परदेशातली मालमत्ता आणि भारतातले आईवडील, भावंडं, सगळं विचारलेलं असतं. नागरिकत्व घेतलं म्हणून ते सुटत नाही.

आज एवढं करा: क्रेडिट रिपोर्ट देणाऱ्या तिन्ही मोठ्या संस्थांचे रिपोर्ट काढा, बँकेशी हप्ते ठरवून ते लेखी घ्या, घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची प्रत काढून ठेवा. कर्ज कसं झालं ते फॉर्मवर दोन-तीन वाक्यांत लिहा. आणि फॉर्म आधीच पाठवला असेल, तर उद्या सकाळी पहिला फोन सुरक्षा अधिकाऱ्यांना.