सांगलीच्या उन्हाळ्यात टियागो ईव्हीची बॅटरी ८ वर्षं टिकेल का?

हो, नीट वापरली तर आरामात टिकेल; वॉरंटीच ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर, जे आधी होईल ते, अशी आहे. मी गाड्यांच्या वायरिंगचंच काम करतो. हिच्यातले एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेल भरपूर चार्जिंग सोसतात आणि पॅक थंड ठेवायला कूलंट फिरतं. बॅटरी खरी झिजते ती पूर्ण भरून उन्हात तापत उभी राहिल्यावर. त्यामुळे मिरजेहून भर दुपारी आलात तर लगेच प्लग लावू नका. गाडी सावलीत निवू द्या, रात्री घरच्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर लावा. रोज ८० टक्के पुरे. मात्र अधूनमधून १०० टक्के भराच: चार्ज कमी-जास्त झाला तरी एलएफपीचं व्होल्टेज जवळपास सपाट राहतं, म्हणून कधीच पूर्ण न भरल्यास मीटरवरचा टक्का चुकायला लागतो.