अमली पदार्थांमुळे बिघडलेला लष्करी डिस्चार्ज : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

अमेरिकेत वाढलेली मराठी घरांतली मुले आता तिथल्या सैन्यात भरती होतात, आणि त्यांपैकी काहींची सेवा लघवीच्या एका तपासणीने संपते. त्यानंतर आईवडिलांची जी पत्रे माझ्याकडे येतात, त्यांत काळजी खरी असते, पण माहिती बहुतेक ऐकीव असते. म्हणून वारंवार येणारे प्रश्न येथे एकत्र घेतले आहेत.

आधी एक गोष्ट स्पष्ट असावी. सैन्य सोडताना सेवेला दर्जा दिला जातो. ‘ऑनरेबल’, ‘जनरल’ आणि ‘अदर दॅन ऑनरेबल’ हे तीन दर्जे प्रशासकीय मार्गाने मिळतात. ‘बॅड कंडक्ट’ आणि ‘डिसऑनरेबल’ हे दोन लष्करी न्यायालयाच्या शिक्षेतून येतात. तुमच्या घरात यांपैकी नेमका कोणता दर्जा आला आहे, हे कागद पाहून ठरवा, आठवणीवर विसंबून नको.

प्रश्न : मुलाला गांजामुळे ‘अदर दॅन ऑनरेबल’ मिळाला. सहा महिन्यांनी तो आपोआप ‘ऑनरेबल’ होतो, असे त्याला तळावरच सांगण्यात आले होते. आता दोन वर्षे झाली. कागद कुठून मागवायचा? (न्यू जर्सी)

उत्तर : असा कागद नाही, कारण आपोआप काहीही बदलत नाही. ही अफवा कित्येक पिढ्यांपासून चालत आली आहे आणि तिच्यावर विसंबून लोक वर्षानुवर्षे थांबतात. अर्ज केल्याशिवाय, आणि तो सिद्ध केल्याशिवाय, दर्जा सुधारत नाही.

प्रश्न : माझा भाऊ नौदलातून नोव्हेंबर 2012 मध्ये बाहेर पडला. अर्ज कोणता करायचा, आणि घाई आहे का? (टेक्सास)

उत्तर : घाई आहे. डिस्चार्ज रिव्ह्यू बोर्डाकडे, म्हणजे दर्जाचा फेरविचार करणाऱ्या मंडळाकडे, डीडी-293 हा अर्ज डिस्चार्जच्या तारखेपासून 15 वर्षांच्या आत जावा लागतो. म्हणजे तुमच्या भावाची मुदत नोव्हेंबर 2027 मध्ये संपते. या बोर्डाकडे दोन वाटा असतात. आधी केवळ कागदपत्रांवर निर्णय मागता येतो, आणि तो विरुद्ध गेल्यास पुढे प्रत्यक्ष सुनावणी मागता येते, जी आता व्हिडिओद्वारेही होते. मात्र दोन्ही गोष्टी त्याच 15 वर्षांत बसवाव्या लागतात. निर्णय यायला वर्षभर, कधी त्याहून अधिक काळ लागतो. जो मनुष्य शेवटच्या महिन्यात अर्ज टाकतो, तो स्वतःची दुसरी संधी स्वतःच्या हाताने घालवतो.

मुदत उलटल्यावर डीडी-149 अर्ज घेऊन रेकॉर्ड दुरुस्त करणाऱ्या बोर्डाकडे जावे लागते. तिथे चूक किंवा अन्याय लक्षात आल्यापासून तीन वर्षांची मर्यादा आहे. न्यायाच्या हितासाठी बोर्ड ती माफ करू शकते, पण माफी मागण्याचे कारण आपणच द्यायचे असते. जनरल कोर्ट-मार्शलमधून, म्हणजे सर्वांत वरच्या स्तराच्या लष्करी न्यायालयातून, आलेला डिस्चार्ज पहिल्या बोर्डाच्या कक्षेत येतच नाही. आधी कोणत्या दारात जायचे, हे भावाचे कागद पाहिलेल्या वकिलाकडून ठरवून घ्या.

प्रश्न : आता इतक्या राज्यांत गांजा कायदेशीर झाला आहे. मग जुन्या शिक्षेला अर्थ काय उरला? अर्जात एवढे लिहिले तर पुरे ना? (कॅलिफोर्निया)

उत्तर : पुरे नाही. राज्याचा कायदा काहीही म्हणो, लष्करी न्यायसंहितेच्या कलम 112-अ नुसार सैनिकाने गांजा घेणे आजही गुन्हाच आहे, आणि सैन्यात सीबीडीचे (गांजाच्या रोपातून काढलेल्या द्रव्याचे) पदार्थसुद्धा निषिद्ध आहेत. मात्र संरक्षण खात्याचा जुलै 2018 मधील विल्की मेमो (सूचनापत्र) बोर्डांना असे सांगतो की, काळाच्या ओघात काही गैरवर्तनाचे गांभीर्य कमी मानले जाऊ शकते, आणि त्यात गांजाचेच उदाहरण दिले आहे. परंतु हा मुद्दा सौम्य करणाऱ्या इतर पुराव्यांच्या जोडीने चालतो. चांगली सेवा, पुढील आयुष्यातील शिक्षण, नोकरी आणि व्यसनमुक्ती यांचे कागद सोबत नसतील, तर नुसत्या बदललेल्या कायद्यावर अर्ज टिकणार नाही.

प्रश्न : एका संस्थेने काही हजार डॉलर घेऊन अपग्रेडची हमी दिली आहे. पैसे भरावेत का? (इलिनॉय)

उत्तर : भरू नका. अर्जाला शुल्क नाही, आणि निकालाची हमी प्रामाणिक माणूस देऊच शकत नाही, कारण निर्णय बोर्डाचा असतो. कायदा महाविद्यालयांची माजी सैनिकांसाठीची विधी केंद्रे, काउंटीचे माजी सैनिक सेवा अधिकारी आणि अमेरिकन लीजनसारख्या संघटना हे काम मोफत करतात. जाणकार वकिलाने योग्य शुल्क घेणे वेगळे. पण ज्याने तुमची फाईल उघडण्याआधीच हमी दिली, त्याने फाईल वाचण्याचा विचारही केलेला नसतो. अशा ठिकाणांहून आलेले अर्ज मी पाहिले आहेत. वेगवेगळ्या माणसांच्या नावांवर तीच वाक्ये, तोच पश्चात्ताप, आणि सेवेतील एकाही प्रसंगाचा उल्लेख नाही.

प्रश्न : आमचा मुलगा अफगाणिस्तानातून परतल्यावर झोपत नसे. पुढे तो वेदनाशामक गोळ्या घेऊ लागला, तपासणीत सापडला आणि बाहेर पडला. सैन्यात असताना त्याचे मानसिक निदान झाले नव्हते. घरातील ज्येष्ठांचे मत असे आहे की, अर्जात हे सारे न काढता फक्त चूक मान्य करून क्षमा मागावी. उद्या लग्नाचे पाहायचे आहे. आपले मत काय? (व्हर्जिनिया)

उत्तर : माझे मत ज्येष्ठांच्या अगदी विरुद्ध आहे, आणि या प्रश्नावर मी विस्ताराने लिहिणार आहे, कारण माझ्या पाहण्यात सर्वाधिक अर्ज येथेच बुडतात.

व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांपुढे हीच अडचण होती. युद्धाच्या आघातातून होणाऱ्या पीटीएसडी या विकाराला अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानसूचीत स्थान मिळाले ते 1980 मध्ये. त्याआधी बाहेर काढलेल्या माणसाच्या फाईलमध्ये निदान सापडणार तरी कसे? म्हणून सप्टेंबर 2014 मध्ये संरक्षणमंत्री हेगल यांनी बोर्डांना अशा अर्जांकडे उदार दृष्टीने पाहण्याचा आदेश दिला. ऑगस्ट 2017 मधील कुर्टा मेमोने ती दृष्टी पीटीएसडीसह मेंदूच्या दुखापतीला, इतर मानसिक आजारांना आणि सेवेतील लैंगिक अत्याचार व छळालाही लागू असल्याचे स्पष्ट केले, आणि बोर्डाने विचारायचे चार प्रश्न ठरवून दिले. गैरवर्तनाचे कारण ठरू शकेल असा आजार किंवा अनुभव होता का? तो सेवेच्या काळातला होता का? त्यामुळे त्या गैरवर्तनाचा दोष खरोखर नाहीसा किंवा सौम्य होतो का? आणि तो त्या डिस्चार्जपेक्षा वजनदार ठरतो का?

आता आपल्या ज्येष्ठांनी सुचवलेला अर्ज या चार प्रश्नांपुढे ठेवून पाहा. ‘माझी चूक झाली, मला क्षमा करावी’ या वाक्यात यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर नाही. बोर्डाला पश्चात्ताप नको असतो असे नाही, पण त्याआधी त्याला कारण हवे असते. झोप लागावी, स्वप्ने थांबावीत म्हणून गोळ्या घेणे, म्हणजे आजारावर स्वतःच उपचार करू पाहणे, हे बोर्डाने विचारात घ्यावे असे हाच मेमो सांगतो. तुमच्या मुलाच्या बाजूचा हा सर्वांत भक्कम मुद्दा आहे, आणि नेमका तोच लपवण्याचा सल्ला घरातून दिला जात आहे.

सेवेत निदान झाले नव्हते, एवढ्यावरून सगळे संपत नाही. वागणुकीत झालेला बदल हाही पुरावा असतो. उत्तम शेरे मिळवणाऱ्याची कामगिरी एकाएकी घसरणे, वारंवार बदली मागणे, उशिरा येणे, दारू वाढणे, या नोंदी सेवा-अभिलेखात असतात. ते अभिलेख सेंट लुईस येथील नॅशनल पर्सोनेल रेकॉर्ड्स सेंटरकडून एसएफ-180 हा अर्ज करून मागवता येतात. अर्ज भरायला बसण्याआधी ते मिळवा. मग आज परवानाधारक मानसोपचारतज्ज्ञाकडून तपासणी करून घ्या, आणि लक्षणे सेवेच्या काळात सुरू झाली असावीत का, गोळ्यांशी त्यांचा संबंध दिसतो का, हे त्यांनी अहवालात कारणांसह लिहावे अशी विनंती करा. ‘रुग्ण माझ्या उपचाराखाली आहे’ एवढ्या चिठ्ठीचा उपयोग नाही. भारतात सुट्टीवर असताना ओळखीच्या डॉक्टरांकडून झोपेच्या गोळ्या घेतल्या असतील, तर त्या डॉक्टरांची नोंद किंवा पत्रही मागवा. अनेक घरांत हा एवढाच समकालीन कागद असतो आणि तोच कोणी जोडत नाही.

कुटुंबाची पत्रेही ग्राह्य असतात, पण ती कशी लिहावीत हे कुणी सांगत नाही. ‘आमचा मुलगा गुणी आहे, संस्कारी घरातला आहे’ अशा पत्रांनी फाईल फुगते, बाकी काही होत नाही. त्याउलट ‘दिवाळीत सुट्टीवर आला तेव्हा रात्री तीन वाजता तो दारांच्या कड्या पुन्हा पुन्हा तपासत होता, जाण्यापूर्वी तो असा नव्हता’ असे आईने लिहिले, तर त्यात काळ, वर्तन आणि बदल तिन्ही आले. आजीने मराठीत लिहिले तरी चालेल; सोबत प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडावे.

लग्नाबद्दल एवढेच म्हणतो की, अशा अर्जदाराचे नाव बोर्डाच्या प्रकाशित निर्णयात छापले जात नाही. आणि आजार लपवून मिळालेली शांतता मुलाच्या झोपेला उपयोगी पडलेली नाही, हे आपल्याच पत्रात दिसते. उपचार आधी सुरू करा. अर्ज विधी केंद्राच्या वकिलाला दाखवल्याशिवाय पाठवू नका.

प्रश्न : मी स्वतः होऊन वरिष्ठांना व्यसनाबद्दल सांगितले होते. तरीही मला ‘जनरल’ डिस्चार्ज मिळाला. हे योग्य आहे का? (जॉर्जिया)

उत्तर : कदाचित नाही. आर्मीत ‘लिमिटेड यूज’ नावाचे धोरण आहे. मदतीसाठी स्वतः पुढे आलेल्या सैनिकाने दिलेली माहिती जर सरकारी पक्षाने बडतर्फीच्या कारवाईत वापरली, तर दर्जा ‘ऑनरेबल’च द्यावा लागतो. वरिष्ठांनी पुरेशा कायदेशीर कारणाशिवाय, केवळ संशयावरून करवलेल्या लघवीच्या तपासणीचा निकालही दर्जा खाली आणण्यासाठी वापरता येत नाही. सर्वांची सरसकट केलेली तपासणी मात्र वापरता येते. म्हणून तपासणी कोणत्या प्रकारची होती, हे प्रयोगशाळेच्या आणि कारवाईच्या कागदांवर शोधा. अशी चूक सापडली, तर तो दयेचा अर्ज राहत नाही, चूक दुरुस्त करण्याचा अर्ज होतो. हे कागद वकिलाने वाचायलाच हवेत.

प्रश्न : अर्जात फक्त दर्जा बदलून मागायचा, की आणखी काही? (ओहायो)

उत्तर : डीडी-214, म्हणजे सैन्य सोडताना मिळालेला सेवेचा दाखला, समोर ठेवा. 24व्या रकान्यात दर्जा असतो, 26व्यात कारणाचा संकेत, 27व्यात पुन्हा भरतीचा संकेत आणि 28व्यात शब्दांत लिहिलेले कारण. 24वा बदलला आणि 28व्यात ‘मिसकंडक्ट (ड्रग अब्यूज)’ तसेच राहिले, तर नोकरी देणारा ते वाचणारच. चारही रकाने बदलून मागा.

प्रश्न : भाचा ग्रीन कार्डवर सैन्यात गेला होता, अद्याप नागरिक नाही. त्याने अर्जात अमली पदार्थ घेतल्याचे सविस्तर लिहावे का? (पुण्याहून)

उत्तर : इमिग्रेशनच्या वकिलाला विचारल्याशिवाय एक ओळही लिहू नये. नागरिक नसलेल्या व्यक्तीने अमली पदार्थांच्या गुन्ह्याची सही करून दिलेली कबुली पुढे अमेरिकेत प्रवेशाच्या वेळी अडचण ठरू शकते, शिक्षा झालेली नसली तरीही. लष्करी न्यायालयात दोषी ठरला असेल, तर हद्दपारीचाही प्रश्न उभा राहू शकतो. ज्यांना सेवेच्या आधारे नागरिकत्व मिळाले, त्यांनीही लक्षात ठेवावे की, पाच वर्षांची सन्माननीय सेवा पूर्ण होण्याआधी ‘अदर दॅन ऑनरेबल’ आल्यास ते काढून घेतले जाऊ शकते. दोन वेगळ्या कायद्यांचे दोन वकील एकमेकांशी बोलले पाहिजेत.

प्रश्न : माझ्या भावाला भारतीय सैन्यातून असेच काढले आहे. हीच प्रक्रिया चालेल का? (सातारा)

उत्तर : नाही. भारतात सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे आणि त्याचे एक खंडपीठ मुंबईत आहे. तिथेही मुदती आहेत. सेवाविषयक प्रकरणे चालवणाऱ्या वकिलाला ताबडतोब भेटा.

प्रश्न : बोर्डाचा निर्णय येईपर्यंत उपचार मिळणारच नाहीत का? (वॉशिंग्टन राज्य)

उत्तर : मिळू शकतात. माजी सैनिकांचा विभाग, म्हणजे व्हीए, सेवेच्या दर्जाबद्दल स्वतःचा वेगळा निर्णय घेतो. जून 2024 पासून लागू झालेल्या नियमांत मानसिक आजारासारख्या परिस्थितीचा विचार करण्याची तरतूद आहे. ‘अदर दॅन ऑनरेबल’ असलेल्या, पण युद्धक्षेत्रात काम केलेल्या किंवा सेवेत लैंगिक अत्याचार सोसलेल्या अनेकांना मानसोपचार मिळतात. ‘तुम्ही पात्र नाही’ असे खिडकीवर तोंडी सांगितले तर परत फिरू नका. लेखी निर्णय मागा. व्हीएने मान्य केले तरी डीडी-214 बदलत नाही, आणि 9/11 नंतरच्या जीआय बिलातील शिक्षणाच्या लाभासाठी ‘ऑनरेबल’ दर्जाच लागतो; म्हणून बोर्डाचा अर्ज थांबवू नये. जिवाला धोका वाटत असेल, तर आधी 988 या संकटकालीन मदत क्रमांकावर फोन करून 1 दाबावे.

प्रश्न : 2013 मध्ये पतीचा अर्ज नाकारला गेला. आता सारे संपले असे समजावे का? (मेरीलँड)

उत्तर : समजू नये. तो नकार हेगल, कुर्टा आणि विल्की या तिन्ही आदेशांच्या आधीचा आहे. जुन्या नकारांबाबत सैनिकांनी केलेल्या खटल्यांत, आर्मीविरुद्धच्या केनेडी खटल्यात 2021 मध्ये आणि नौदलाविरुद्धच्या मँकर खटल्यात 2022 मध्ये, न्यायालयांनी तडजोडी मंजूर केल्या, आणि त्यांतून मानसिक आजाराशी संबंधित अनेक प्रकरणे पुन्हा पाहिली गेली. आपल्या पतीचा अर्ज त्यात बसत होता का, हे तपासून घ्या. बसत नसेल, तरी नव्या पुराव्यासह फेरविचार मागता येतो. जुनाच अर्ज पुन्हा पाठवला, तर जुनेच उत्तर येते. ज्यांचा डिस्चार्ज 20 डिसेंबर 2019 किंवा त्यानंतरचा आहे, त्यांना रेकॉर्ड दुरुस्ती बोर्डाच्या नकारानंतर 365 दिवसांत डिस्चार्ज अपील रिव्ह्यू बोर्डाकडेही जाता येते, पण ती वाट आपल्या पतीसाठी नाही. 2013 चे निर्णयपत्र शोधा, त्यात नकाराची कारणे दिलेली असतात. विधी केंद्राला पहिला फोन कराल तेव्हा ते पत्र आणि डीडी-214 ची संपूर्ण प्रत हाताशी ठेवा; संक्षिप्त प्रतीत 28वा रकाना नसतो.