मेंढ्यांचा निवारा: छप्पर हलतं ठेवा, मचाण पावसाळ्यापुरतं

*वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे*

प्रश्न: दहा मेंढ्या आणि एक नर आहे. जमीन मुरमाड. चाकांवरचं, खाली लाकडी मचाण असलेलं शेड करून ट्रॅक्टरने शेतात फिरवावं असा विचार आहे. मापं आणि साहित्य सांगावं. (सिन्नर तालुका)

चाकं आणि मचाण एकाच सांगाड्यात बसवू नका. खाली दिलेल्या मापाचं छप्पर आणि जाळी मिळून सव्वादोनशे किलोच्या आसपास भरतं, मचाण आणखी अडीचशे. नांगरटीत एवढ्या वजनाची चाकं रुततात, सांगाडा पिळतो आणि मचाणाच्या फटी कुठे आवळतात, कुठे उघडतात. शिवाय दिवाळीनंतर मे अखेरपर्यंत तुमच्या मुरमाला मचाणाची गरजच नाही. कोरड्या मुरमात लघवी जिरते. तेव्हा छप्पर हलतं ठेवा आणि मचाण सुट्या चौकटींत करून फक्त पावसाळ्यात एका जागी मांडा.

जागा धरताना मेंढीला १० चौरस फूट आणि नराला २० धरा. म्हणजे १२० चौरस फूट, ८ × १५ फूट. हे एकसंध न करता ८ × साडेसात फुटांचे दोन भाग करा आणि मध्ये १२ मिमीचे चार बोल्ट द्या. तळाची चौकट ४० × ४० मिमी, २ मिमी जाडीच्या चौकोनी पाइपची. उभे खांब आणि वरची चौकट २५ × २५ मिमीची. उंची एका बाजूला सहा फूट, दुसरीकडे पाच. वर अर्धा मिमी पत्रा. एक भाग सुमारे ११० किलोचा होतो, चार कोपऱ्यांना कड्या ठेवल्या तर चार माणसं तो उचलून सरकवतात. फॅब्रिकेटर हमखास जाड पाइप सुचवतो. त्याचं ऐकलंत तर शेड मजबूत होईल, पण जिथे ठेवाल तिथेच राहील.

भिंतींना २ × २ इंची, १२ गेजची वेल्डमेश लावा. उघड्यावर वाघर (मेंढपाळांची दोरीची जाळी) लावली तर मेंढ्या आत राहतात, पण बिबट्या बाहेर राहीलच असं नाही. वरून बंद नसलेला वाडा त्याच्या उडीपुढे टिकत नाही. तळाशी जाळीची फूटभर झालर बाहेरच्या बाजूला जमिनीवर आडवी पसरा आणि तिच्यावर दगड ठेवा, म्हणजे कुत्र्यांना उकरता येत नाही.

हलकं शेड वळवाच्या वादळात उडतं. दर वेळी जागा बदलल्यावर चारही कोपऱ्यांत अडीच फुटी लोखंडी खुंट बाहेरच्या बाजूला तिरके ठोका आणि चौकट त्यांना तारेने आवळा. आज रात्री आभाळ मोकळं आहे म्हणून खुंट ठोकायचा कंटाळा केला की पत्रे शेजारच्या बांधावर सापडतात.

लेंडी-लघवीचं खत सगळीकडे पडावं म्हणून दर दोन रात्रींनी शेड एक जागा पुढे. नऊ जागांत साधारण एक गुंठा होतो, म्हणजे गुंठ्याला अठरा रात्री. खतासाठी शेकडो मेंढ्यांचा कळप बसवतात तसा अख्खा एकर या दहा-अकरा जनावरांकडून एका हंगामात होणार नाही. भाजीपाल्याचे चार-सहा गुंठे डोळ्यांपुढे ठेवा.

प्रश्न: कांदा चाळीच्या तळाच्या बांबूंचं मचाण मेंढ्यांना चालेल का? नसेल तर फटी किती ठेवाव्यात? (येवला तालुका)

चालणार नाही. चाळीचा तळ खालून हवा खेळावी म्हणून असतो. त्यातल्या फटीत मेंढीचा खूर सहज जातो आणि दचकून ओढला की पाय मोडतो. अख्खा बांबू गोल असल्याने ओला झाला की घसरतो. शिवाय पावसाळ्यात, म्हणजे ऐन गरजेच्या वेळी, चाळ कांद्याने भरलेली असते.

वखारीतून वाळलेली बाभूळ आणा. चौकटीचं माप ४ × अडीच फूट. बसवायला सोपं जावं म्हणून लांबी आणि रुंदी दोन्ही अर्धा इंच कमी कापा. खाली २ × २ इंची तीन आडवे, त्यांवर २ इंच रुंद, १ इंच जाड अशा १८ पट्ट्या. पट्ट्यांमधल्या १७ फटी प्रत्येकी साधारण १७ मिमीच्या येतात. फट डोळ्यांनी जोखू नका. १७ मिमी जाडीचा लाकडी तुकडा दोन पट्ट्यांत धरून पट्टी बसवत जा. लहान कोकरं असतील त्या कोपऱ्यातल्या दोन चौकटींना १९ पट्ट्या मारा, फट १३ मिमीवर येते. यापेक्षा अरुंद केली तर लेंड्या पडतच नाहीत, वर थर साचतो.

पट्टीच्या खालच्या दोन्ही कडा रंध्याने तिरक्या काढून घ्या. फट वर अरुंद आणि खाली रुंद झाली की वरून आत शिरलेली लेंडी अडकत नाही. खिळ्यांऐवजी स्क्रू वापरा, डोकी लाकडात बुडवा. खिळे लघवीने गंजून वर येतात आणि खुराला टोचतात. पट्ट्या मेंढ्यांच्या चालण्याच्या दिशेला आडव्या याव्यात. लाकूड टिकावं म्हणून जळकं ऑइल किंवा मोरचुदाचं (कॉपर सल्फेट, म्हणजे तांब्याचा क्षार) पाणी लावण्याची पद्धत आहे; मेंढ्या लाकूड चाटतात, कुरतडतात, म्हणून दोन्ही टाळा.

एक चौकट सुमारे २० किलोची होते. पहिल्या प्रश्नातल्या १२० चौरस फुटांना अशा बारा लागतात: अडीच फुटी पट्ट्या २१६ (१९ पट्ट्यांच्या चौकटी केल्या तर तेवढ्या वाढतील) आणि चार फुटी आडवे ३६. सिमेंट ब्लॉकचे दोन थर रचून दर दोन फुटांवर रांग द्या आणि छपराचा सांगाडाही त्याच ब्लॉकवर चढवा. भोवतीची मोकळी जागा जाळीने बंद करा. आठवड्यातून एकदा चौकटी उचलून खालचं खत ओढून घ्या. मेंढी शेळीसारखी उंचावर हौसेने चढत नाही, म्हणून चढण लांब आणि सपाट ठेवा: सव्वा फूट उंचीला पाच फुटांची फळी, तिच्यावर दर आठ इंचांवर आडवी पट्टी.

प्रश्न: पावसाळ्यात शेडला चारही बाजूंनी ताडपत्री लावतो, तरी मेंढ्या खोकतात, नाकातून शेंबूड येतो. (इगतपुरी तालुका)

“तरी” नव्हे, बहुधा ताडपत्रीमुळेच. शेडमध्ये उकिडवे बसा आणि मेंढीच्या नाकाच्या उंचीवर श्वास घ्या. डोळे चुरचुरले तर लघवीतल्या अमोनियाने मेंढीच्या श्वासनलिकेला रोज इजा होते आहे, आणि त्यातूनच न्यूमोनियाला वाट मिळते. पाऊस तुमच्याकडे पश्चिम-नैर्ऋत्येकडून मारतो. त्या बाजूला ताडपत्री ठेवा, पण छपराखाली फूटभर मोकळं सोडा. बाकी बाजू उघड्या. पत्रा भिंतीच्या बाहेर दोन फूट काढा. मचाण करायचं नसेल तर भाताचा पेंढा सहा इंच अंथरून दर तीन दिवसांनी नवा थर द्या. तूस ओल फारशी शोषत नाही. खोकणारी जनावरं मात्र पशुवैद्यकाला दाखवाच.

प्रश्न: खूर सडू नयेत म्हणून मेंढ्यांना मोरचुदाच्या पाण्यातून काढतो. एप्रिल छाटणीनंतर त्याच मेंढ्या द्राक्षबागेत बसवल्या तर? (निफाड तालुका)

दोन्हीकडे धोका एकच, तांबं. मेंढीच्या यकृतात तांबं साठत जातं. गाय जेवढं सहज पचवते तेवढ्याने मेंढी मरते. महिनोन्‌महिने काहीच दिसत नाही, मग एके दिवशी चरणं बंद, डोळे पिवळे, लघवी काळपट लाल आणि एक-दोन दिवसांत खेळ संपतो. बोर्डो (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक) मारलेल्या बागेत पाल्यावर आणि खालच्या गवतावर तेच तांबं असतं. मेंढ्या बाहेर बसवा आणि खत बागेत न्या. गाईंसाठीचं तांबंयुक्त क्षारमिश्रणही मेंढ्यांना देऊ नका.

खुरांसाठी झिंक सल्फेट वापरा: १० लिटर पाण्याला १ किलो. ट्रेमध्ये तीन इंच द्रावण हवं. आधी साध्या पाण्याने काळी माती धुऊन काढा, चिखलाखाली औषध पोचत नाही. नुसतं चालवून काढू नका, दहा-पंधरा मिनिटं उभं करा आणि नंतर तासभर कोरड्या जागेवर ठेवा. तहानलेल्या मेंढ्या ट्रेला तोंड लावतात, म्हणून पाणी आधी पाजून घ्या.