वाचकांचे प्रश्न : हे दुसरे आर्ग्युमेंट आले कोठून?

प्रश्न : मी जावा ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकून आता पायथॉन ही दुसरी भाषा शिकत आहे. ‘बचतखाते’ या क्लासमध्ये (म्हणजे खात्यांच्या आराखड्यात) मी ‘भर(रक्कम)’ अशी मेथड (म्हणजे क्लासमधले फंक्शन) लिहिली आणि ‘खाते.भर(500)’ असे चालवले, तर ‘एक आर्ग्युमेंट (मेथडला दिलेले मूल्य) हवे असताना दोन दिली’ अशा अर्थाची चूक आली. मी तर एकच दिले होते.

उत्तर : दुसरे आर्ग्युमेंट म्हणजे स्वतः ‘खाते’ हा ऑब्जेक्ट, म्हणजे क्लासच्या आराखड्यावरून बनलेले एक खाते. मेथड क्लासमध्ये एकदाच लिहिलेली असते, पण त्या क्लासची खाती हजारो असू शकतात. त्यामुळे नेमक्या कोणत्या खात्याची शिल्लक वाढवायची, हे तिला प्रत्येक वेळी कळवावेच लागते. पायथॉन टिंबाच्या डावीकडचा ऑब्जेक्ट उचलून पहिल्या जागी ठेवते. ‘खाते.भर(500)’ म्हणजे ‘बचतखाते.भर(खाते, 500)’, हे दुसरे रूप आपण स्वतः टंकून पाहावे, मेथड ‘भर(सेल्फ, रक्कम)’ अशी दुरुस्त केल्यावर (‘सेल्फ’ म्हणजे self, ऑब्जेक्टच्या जागेचे नाव) तेही तसेच चालते. आपल्या मेथडमध्ये मूल्ये दोन आली आणि जागा एकच होती.

जावामध्येही हेच घडते, फक्त तेथे ‘धिस’ (this) हे नाव भाषाच पुरवते आणि ते बहुधा लिहावेही लागत नाही. पायथॉनमध्ये ऑब्जेक्टसाठी पहिले पॅरामीटर (मेथडमधील मूल्याची जागा) उघडपणे लिहिण्याची ही पद्धत मॉड्युला-3 या भाषेसारखी आहे. मला ती अधिक प्रामाणिक वाटते, कारण मेथड कशावर काम करते आहे हे तिच्या पहिल्याच ओळीत दिसते.

जावाच्या सवयीमुळे होणारी दुसरी चूक अधिक घातक आहे. मेथडमध्ये नुसते ‘शिल्लक = रक्कम’ लिहिले, तर पायथॉन कोणतीही तक्रार न करता त्या मेथडपुरते एक नवे चल (मूल्य ठेवण्याचे नाव) तयार करते, मेथड संपताच ते नाहीसे होते आणि खात्यातील शिल्लक जशीच्या तशी राहते. तेथे ‘सेल्फ.शिल्लक’ असेच लिहायला हवे.

‘सेल्फ’ हा मात्र राखीव शब्द नाही, केवळ संकेत आहे. 2008 मध्ये आलेल्या पायथॉन 3 पासून चलांची नावे देवनागरीतही चालत असल्याने त्या जागी ‘स्व’ लिहिले तरी प्रोग्रॅम बिनचूक चालतो. घरी अवश्य करून पाहा. इतरांना वाचायच्या कोडमध्ये मात्र ‘सेल्फ’च ठेवा, कारण वाचणाऱ्याची नजर तोच शब्द शोधते.